छोट्या प्लॉटवर कुंपण आणि डेक: आधी हद्द, मग नजरेची उंची, मग खड्डा

मोठ्या प्लॉटवर कुंपण आणि डेक (घराबाहेरचा उघडा लाकडी ओटा) ही दोन वेगळी कामं असतात. छोट्या प्लॉटवर ते एकच काम असतं, पण बहुतेक लोक ते दोनदा करतात. एका वर्षी सहा फुटी कुंपण घालतात, दुसऱ्या वर्षी मागच्या दाराच्या पातळीला डेक बांधतात. मग पहिल्याच संध्याकाळी डेकवर खुर्ची टाकून बसल्यावर लक्षात येतं, की कुंपण आता कमरेएवढं वाटतंय आणि शेजाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर काय वाढलंय तेही दिसतंय. म्हणून दोन्ही कामं करायची असतील तर एकाच कागदावर आखा. बांधकाम टप्प्याटप्प्याने झालं तरी चालेल.

एक खुलासा. झोनिंगचे, म्हणजे जमिनीच्या वापराचे, नियम गावागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्या ठिकाणचा आकडा तुमच्याच स्थानिक कार्यालयातून घ्यायचा. इथे बांधकामाचे म्हणून दिलेले आकडे मुख्यतः आंतरराष्ट्रीय निवासी संहितेतले, म्हणजे आयआरसीमधले आहेत. ही नमुना संहिता अमेरिकेतली बहुतेक राज्यं थोडेफार बदल करून वापरतात. इतरत्र कायदा म्हणून ती लागू नसली, तरी सुरक्षिततेचा अंदाज घ्यायला उपयोगी पडते.

पहिलं काम: हद्द नक्की करा

जुनं कुंपण म्हणजे हद्द नव्हे. आधीच्या मालकाने ते झाड वाचवायला आत घेतलेलं असू शकतं, किंवा शेजाऱ्याशी तोंडी ठरवून बाहेर सरकवलेलं. गवत कुठपर्यंत कापलं जातं, यावरूनही हद्द ठरत नाही. मोजणीचा नकाशा काढा, त्यात दाखवलेल्या कोपऱ्याच्या खुणा शोधा. या खुणा बहुधा लोखंडी सळई किंवा पाइपच्या असतात आणि मातीखाली काही इंच दबलेल्या असतात. भाड्याने आणलेल्या मेटल डिटेक्टरने सापडतात. सापडल्या नाहीत किंवा नकाशाशी जुळल्या नाहीत, तर मोजणीदाराला बोलवा. मोठ्या प्लॉटवर सहा इंचांची चूक पचते. तीस फूट रुंदीच्या प्लॉटवर तीच चूक भांडण होऊन उभी राहते.

खुणा मिळाल्यावर दोन खुणांमध्ये दोरी ताणा आणि मग हा हिशोब करा. कुंपणाच्या खांबासाठी बारा इंच व्यासाचा खड्डा घेतला, तर खांबाच्या मध्यापासून काँक्रीट सहा इंच पसरतं. म्हणजे खांबाचा मध्य हद्दीपासून सहा इंचांवर धरला, तर काँक्रीटची कड बरोब्बर हद्दीवर येते. खड्डे मात्र कधीच नकाशासारखे गोल होत नाहीत. दगड लागला की कड ढासळते. म्हणून मी मध्य आठ इंच आत धरतो. साडेतीन इंची खांब, त्यावर दीड इंची आडवी पट्टी आणि पाऊण इंचाची फळी धरली, तर कुंपणाची बाहेरची बाजू खांबाच्या मध्यापासून सुमारे चार इंचांवर येते. तरीही तुमच्याच जागेची चार इंचांची पट्टी कुंपणाबाहेर राहते. ती वाया गेली असं वाटतं खरं, पण खांब बदलायची वेळ आली की शेजाऱ्याच्या जमिनीत खणावं लागत नाही.

त्याच नकाशावर सुविधाधिकाराच्या पट्ट्याही पाहा. वीज, पाणी, सांडपाणी किंवा पावसाच्या पाण्याच्या वाहिनीसाठी राखलेली जागा तुमच्या मालकीची असते, पण तिथे पक्कं बांधकाम करायला बहुधा मनाई असते. कुंपणाला कधी परवानगी मिळते. मात्र वाहिनी दुरुस्त करायला आलेल्यांनी ते काढलं, तर पुन्हा उभारण्याचा खर्च अनेकदा मालकाच्याच डोक्यावर येतो. डेकचा पाया तिथे घेऊच नका.

नियम तीन ठिकाणी असतात

लोक ‘परमिट लागतं का?’ असा एकच प्रश्न विचारतात आणि ‘नाही’ ऐकून निश्चिंत होतात. इथेच फसगत होते. झोनिंग सांगतं की बांधकाम *कुठे* आणि *किती* करता येईल. बांधकाम संहिता सांगते ते *कसं* करायचं. आणि वसाहतीचा खासगी करार असेल, तर तो रंग आणि फळीचा प्रकारसुद्धा ठरवू शकतो. यातल्या एकाने सूट दिली म्हणजे बाकीच्या दोघांनी दिली असं होत नाही.

डेकचंच घ्या. आयआरसीप्रमाणे डेक २०० चौरस फुटांपेक्षा मोठा नसेल, जमिनीपासून कुठेही ३० इंचांपेक्षा उंच नसेल, घराला जोडलेला नसेल आणि बाहेर पडायच्या आवश्यक दारापुढे नसेल, तर बांधकाम परवाना लागत नाही. छोट्या प्लॉटवाल्याला हे अगदी आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. पण परवान्यातून सुटलेला हाच डेक सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत आला, तर झोनिंगचा भंग ठरतो. परवानाच नसल्यामुळे ही चूक आधी कोणी दाखवूनही देत नाही. ती कळते तक्रार आल्यावर किंवा घर विकताना. म्हणून प्रश्न दोन विचारा: परवाना लागतो का, आणि झोनिंगची मंजुरी वेगळी घ्यावी लागते का? उत्तर ईमेलवर मागा. काउंटरवरचं तोंडी उत्तर पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही.

झोनिंग वाचताना छोट्या प्लॉटला कुठल्या गोष्टी नडतात, त्या बघू.

सामासिक अंतर. समजा प्लॉट ३० फूट रुंद, ९० फूट खोल आहे आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मोकळे सोडायचे आहेत. म्हणजे बांधायला रुंदी उरली २० फूट. कुंपणाला बहुधा हे अंतर लागू होत नाही, डेकला होतं. पण बिनछपराचा, कमी उंचीचा डेक मागच्या मोकळ्या जागेत काही फूट पुढे आणायची सवलत पुष्कळ ठिकाणी असते. पायऱ्यांसाठी वेगळी सवलतही असते. ही वाक्यं नियमांच्या मुख्य तक्त्यात सापडत नाहीत. ती ‘अपवाद’ किंवा ‘पुढे येणारे भाग’ अशा मथळ्याखाली कुठेतरी मागे असतात. ते पान शोधाच, कारण छोट्या प्लॉटचा डेक बहुतेक वेळा त्याच पानावर उभा असतो.

आच्छादन. प्लॉटचा किती भाग बांधकामाने झाकता येतो, त्याची मर्यादा. वरचा प्लॉट २,७०० चौरस फुटांचा. मर्यादा ४० टक्के धरली तर १,०८०. घर ९२० आणि मागची शेड ६४ मिळून ९८४ झाले. उरले ९६. बारा बाय बाराचा डेक १४४ चौरस फुटांचा, म्हणजे तो बसत नाही. आठ बाय बाराचा अगदी काठोकाठ बसतो. पण फटी ठेवलेला, खाली माती असलेला उघडा डेक काही ठिकाणी आच्छादनात धरतच नाहीत. तेव्हा आकार लहान करण्याआधी हे विचारा. उलट, डेकवर पुढे कधी छप्पर घालायचा विचार असेल तर तोही आत्ताच मांडा. छप्पर आलं की तोच डेक दुसऱ्या नियमात जातो.

कुंपणाची उंची. पुढच्या अंगणात कमी, मागे जास्त, हा सर्वसाधारण रिवाज. अमेरिकेत पुढे तीन-चार फूट आणि मागे सहा फूट हे आकडे वारंवार दिसतात. खरा प्रश्न उंची *कुठून* मोजतात हा आहे. तुमच्या बाजूच्या जमिनीपासून की खालच्या बाजूच्या? माती अडवणाऱ्या दोन फुटी राखण भिंतीवर सहा फुटी कुंपण घातलं तर ते सहा फुटी की आठ फुटी? शेजारचा प्लॉट खाली असेल तर यावरच सगळं अवलंबून असतं.

कोपऱ्याच्या प्लॉटवर, आणि गाडी बाहेर काढायच्या जागी, एक दृष्टित्रिकोण असतो. रस्त्यावरून येणारी गाडी आणि फुटपाथवरून चालणारं मूल दिसावं म्हणून त्या त्रिकोणात कुंपण ठेंगणं ठेवावं लागतं किंवा आरपार दिसणारं तरी. कोपऱ्याच्या प्लॉटला बऱ्याच ठिकाणी ‘पुढची बाजू’ एक नसून दोन असतात. तुम्ही बाजूचं अंगण समजता ते नियमाच्या भाषेत पुढचं अंगण असू शकतं, आणि मग तिथे सहा फुटी कुंपण चालत नाही.

जुनं कुंपण आजच्या नियमापेक्षा उंच असेल तर ते पाडायची घाई करू नका. नियम येण्याआधी बांधलेलं म्हणून ते खपवून घेतलं जात असतं. एकदा पाडलं की तो हक्क अनेक ठिकाणी संपतो. दुरुस्ती किती केली तर चालेल, ते आधी विचारा.

नियमात काहीच बसत नसेल तर सवलतीसाठी अर्ज करता येतो. मात्र ‘जागा लहान आहे, कुटुंब मोठं आहे’ या कारणावर तो सहसा टिकत नाही. अडचण जमिनीची असावी लागते: तिरकस हद्द, उतार, मधोमध गेलेली वाहिनी. सामासिक अंतरं उजेड, हवा आणि आगीच्या वेळी आत शिरायला वाट मिळावी म्हणून आली. तुमच्या डेकमुळे यातलं काहीच अडत नाही हे नकाशावर दाखवता आलं, तर अर्जाला वजन येतं.

नजरेची उंची

आता आराखडा. एक इंचाला आठ फूट हे प्रमाण घेतलं तर ३० बाय ९० चा प्लॉट ए-४ कागदावर मावतो. हद्द, घर, सामासिक रेषा, सुविधाधिकाराच्या पट्ट्या, झाडं, नळ, एसीचं बाहेरचं युनिट, सगळं काढा. पण हा कागद वरून पाहिलेला असतो. छोट्या प्लॉटची खरी गोष्ट बाजूने पाहिलेल्या छेदचित्रात कळते.

उभ्या माणसाची नजर जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असते, खुर्चीत बसलेल्याची साधारण चार फुटांवर. कुंपण सहा फूट, म्हणजे ७२ इंच. डेक २८ इंच उंच घेतला, तर उभ्या माणसाची नजर ६० अधिक २८, म्हणजे ८८ इंचांवर जाते. ती कुंपणाच्या सोळा इंच वर. बसलेल्याची ४८ अधिक २८, म्हणजे ७६. बसूनही तुम्ही कुंपणाच्या वरून पाहता, आणि शेजारी तुम्हाला पाहतात. तोच डेक १२ इंचांवर आणला तर बसलेल्याची नजर ६० इंचांवर येते आणि कुंपण पुन्हा कुंपणाचं काम करायला लागतं.

म्हणून माझा कल स्पष्ट आहे: छोट्या प्लॉटवर डेक दाराच्या पातळीला आणू नका. दाराबाहेर एक छोटा चौथरा, तिथून दोन-तीन पायऱ्या, आणि खाली जमिनीलगत मुख्य डेक. पायऱ्यांनी जागा खाल्ली तरी एकांत मिळतो, आणि डेक ३० इंचांच्या खाली असल्यामुळे संहितेप्रमाणे कठड्याची सक्तीही टळते. अर्थात २८ इंचांवरून लहान मूल पडलं तर लागायचं तेवढं लागतंच, सक्ती असो वा नसो.

काही जण उंच डेकच्या कडेला जाळीचा पडदा लावून प्रश्न सोडवतात. चालतं, पण काही ठिकाणी तो पडदा हद्दीच्या जवळ आला की त्याला कुंपणच धरतात आणि उंची जमिनीपासून मोजतात. विचारून मगच लावा.

पायऱ्यांचा हिशोबही छेदचित्रातच करून टाका. संहितेत एका पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच आणि रुंदी कमीत कमी दहा इंच आहे. २८ इंच चढायचे तर सात-सात इंचांचे चार टप्पे होतात आणि मधे तीन पायऱ्या येतात. म्हणजे ३० इंच जागा आडवी गेली. चार किंवा त्याहून जास्त टप्पे असले की हाताने धरायचं रेलिंगही लागतं.

अर्ज

आराखडा, छेदचित्र, मोजणीचा नकाशा, साहित्याची यादी. याहून जास्त सहसा मागत नाहीत. अर्ज देण्याआधी तोच कागद शेजाऱ्यांना दाखवा. त्यांची परवानगी बहुधा लागत नाही, पण रात्री अंगणात कुठल्या दिव्याचा उजेड पडेल किंवा कुंपणाची गुळगुळीत बाजू कुणाकडे असेल, हे त्यांना आधी कळलेलं बरं. ही गुळगुळीत बाजू बाहेर असावी असा नियमच पुष्कळ ठिकाणी आहे.

खणण्याआधी

जमिनीखालच्या वाहिन्या आखून घ्या. अमेरिकेत ८११ वर फोन केला की ही सेवा फुकट मिळते. इतर देशांत वीज, गॅस आणि पाणी कंपन्यांकडे चौकशी करावी लागते. अमेरिकेतल्या खुणांत लाल रंग विजेचा, पिवळा गॅसचा, निळा पिण्याच्या पाण्याचा, हिरवा सांडपाण्याचा आणि नारिंगी दूरसंचाराचा. मीटरच्या पुढच्या तुमच्या स्वतःच्या तारा मात्र ते आखत नाहीत. शेडला नेलेली वीज किंवा बागेचं ठिबक कुठून गेलंय, ते तुम्हालाच आठवायला हवं. खुणेच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फुटांत हातानेच खणा.

दुसरी गोष्ट, कामाचा क्रम. घराच्या बाजूची चार-पाच फुटांची गल्ली हाच मागे जायचा एकमेव रस्ता असतो. आधी कुंपण घालून टाकलं तर डेकच्या लांब तुळया, काँक्रीटची ढकलगाडी, खड्ड्याचं यंत्र, सगळं अडतं. म्हणून डेकचा पाया आणि सांगाडा आधी, कुंपण नंतर, आणि गल्लीकडचं पॅनेल सगळ्यांत शेवटी. मातीचाही विचार करा. बारा इंच रुंद आणि तीन फूट खोल अशा एका खड्ड्यातून सव्वादोन घनफुटांपेक्षा जास्त माती निघते. वीस खड्ड्यांचे जवळजवळ पन्नास घनफूट, आणि मोकळी झालेली माती फुगते. ती टाकायची कुठे, हे पहिला खड्डा घेण्याआधी ठरलेलं असावं.

डेकची उभारणी

पहिला निर्णय: घराला जोडायचा की सुटा ठेवायचा. जोडलेल्या डेकचा अर्धा भार घराच्या भिंतीला लावलेली लेजर फळी घेते, आणि डेक कोसळतात ते पुष्कळदा याच जोडातून. ही फळी नुसत्या खिळ्यांवर कधीही टांगू नका. अर्धा इंची बोल्ट किंवा लॅग स्क्रू (लाकडात बसणारे जाड स्क्रू), वर-खाली आलटून-पालटून, घराच्या भक्कम लाकडी कडतुळईत गेले पाहिजेत. बाहेरून शोभेसाठी लावलेल्या विटांच्या थरात लेजर ठोकणं म्हणजे हवेत ठोकणं. लेजरच्या वर पत्र्याची फ्लॅशिंग पट्टी हवी, नाहीतर पाणी मागे शिरून घराचं लाकूड आतून कुजतं, आणि बाहेरून ते दिसतही नाही. छोटा, जमिनीलगतचा डेक असेल तर मी सुटाच सुचवेन. दोन पाये जास्त लागतात, पण घराला भोक पडत नाही.

पाया किती मोठा? संहितेत डेकवरचा चालता भार चौरस फुटाला ४० पौंड धरला आहे, आणि डेकचं स्वतःचं वजन १० धरू. बारा बाय बाराचा जोडलेला डेक घेतला तर निम्मा भाग, ७२ चौरस फूट, बाहेरच्या तुळईवर येतो. पन्नासने गुणल्यावर ३,६०० पौंड. तुळईखाली तीन खांब असतील तर मधल्या खांबावर साधारण निम्मा, म्हणजे १,८०० पौंड. माती साधी चिकणमाती असेल तर तिची क्षमता चौरस फुटाला १,५०० पौंड धरतात. भागाकार केला की सव्वा चौरस फुटाच्या आसपास जागा लागते, म्हणजे १५ इंच व्यासाचा पाया. कोपऱ्याच्या खांबांना यापेक्षा कमी पुरतं. पण तिन्ही सारखेच घ्या, खड्डा घेणाऱ्याचा गोंधळ वाचतो. थंड प्रदेशात पाया मातीच्या गोठणरेषेखाली जायलाच हवा. नाहीतर गोठलेली माती फुगून खांब वर ढकलते आणि दोन हिवाळ्यांत डेक वाकडा होतो.

आखणी करताना दोरीचा कोन तीन-चार-पाचने तपासा: एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार, तर तिरकं अंतर पाच. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर चौकोन बरोबर. काँक्रीट ओतण्याआधी खड्ड्यांची तपासणी असेल तर निरीक्षक येईपर्यंत थांबा. भरलेला खड्डा पुन्हा उघडायला लावतात.

लाकडी खांब काँक्रीटमध्ये पुरू नका. पायाच्या डोक्यावर धातूची बैठक बसवून त्यावर उभा करा. तुळई खांबाच्या डोक्यावर टेकलेली हवी, बाजूला बोल्टने लटकवलेली नको. जॉईस्टचं, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या वाशांचं, माप आणि त्यांतलं अंतर लाकडाच्या जातीवर ठरतं. ते संहितेच्या तक्त्यातून घ्या, अंदाजाने नको. प्रक्रिया केलेल्या लाकडात आता बहुधा तांब्याची रसायनं असतात आणि ती साध्या लोखंडाला खातात. हँगर (जॉईस्ट पेलणारे धातूचे तुकडे), खिळे, स्क्रू सगळे गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस घ्या, आणि एकाच जोडात दोन धातू मिसळू नका.

वरच्या फळ्यांत एक अष्टमांश इंचाची फट ठेवतात. फळ्या ओल्या असतील तर त्या एकमेकींना टेकवून बसवा, वाळल्या की फट आपोआप पडते. जमिनीलगतच्या डेकखाली गवत काढून, घरापासून लांब उतार देऊन खडी पसरा. फळ्या लागल्यावर तिथे हात पोचत नाही. कठडा लागणार असेल तर तो किमान ३६ इंचांचा हवा, आणि त्याच्या गजांमधून चार इंची चेंडू जाता कामा नये.

कुंपण

कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब आधी, मग त्यांच्यात दोरी, मग मधले. दोन खांबांत सहा ते आठ फूट. आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच बंद पॅनेल म्हणजे ४८ चौरस फुटांचं शीड, वारा ते ढकलत राहणार. वाऱ्याच्या जागी सहा फूट अंतर घ्या किंवा दोन्ही बाजूंना आलटून-पालटून फळ्या लावा. नजर अडते आणि वारा जातो. खांबाच्या एकूण लांबीचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीत हवा. तळाला सहा इंच खडी, आणि काँक्रीटचं डोकं जमिनीच्या किंचित वर घेऊन चारी बाजूंना उतरतं, म्हणजे खांबापाशी पाणी साचत नाही.

फळीचं खालचं टोक जमिनीपासून दोन इंच वर ठेवा. ते कुजत नाही, आणि दोन प्लॉटच्या मधून वाहणारं पावसाचं पाणी अडत नाही. हे पाणी अडवून शेजाऱ्याकडे वळवणं हा बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र नियमभंग ठरतो. उतारावर पॅनेल पायऱ्यांसारखी बसवली तर खाली त्रिकोणी फटी राहतात. कुत्रा असेल तर पट्ट्या उताराला समांतर आणि फळ्या उभ्या ठेवा.

फाटक छत्तीस इंचांचं पुरतं असं वाटतं, पण ढकलगाडी आणि कचऱ्याचा डबा एकदा मोजून पाहा. बेचाळीस घ्या, जमलं तर अठ्ठेचाळीस. फाटकाचा तिरका आधार खालच्या बिजागरीकडून वरच्या कडीकडे जायला हवा. उलटा लावला की महिनाभरात फाटक खाली ओघळतं. आणि ते आत उघडू द्या, फुटपाथवर नको.

गल्लीकडचं शेवटचं पॅनेल खिळ्यांनी ठोकू नका. ते स्टेनलेस स्क्रूंवर बसवा आणि स्क्रूची डोकी आतल्या बाजूला, हाताशी येतील अशी ठेवा. एसीचं युनिट बदलायचं असेल, झाड कापायचं असेल किंवा डेकची एखादी तुळई बदलायची असेल, तर याच वाटेने सगळं आत-बाहेर होणार आहे.